पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचं काय?

भूकंप सांगून येत नाही. पूर, आग, चेंगराचेंगरी, यातलं काहीच तारीख ठरवून येत नाही. म्हणून अशा घटनेनंतर लेकरं घाबरली की मोठी माणसं म्हणतात, आम्हाला तरी कुठं माहीत होतं. आपल्या पांढुर्ण्यात मात्र असं म्हणायची सोय नाही. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात भीतीदायक दिवस कॅलेंडरवर दिसतो. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी गोटमार.

हे पेज बेळगाव, निपाणी, भालकी, बुऱ्हाणपूरकडचे दोस्तही वाचतात, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, पूजा करतात. मग दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड सुरू होतात. ज्या बाजूचे लोक दगडांच्या माऱ्यात पाण्यात शिरून झाड तोडतील ते जिंकले. शेवटी झाड चंडीमातेच्या देवळात नेतात. यामागची गोष्ट अशी सांगतात, की पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाताना नदीत सापडले आणि दोन्ही गावांनी दगड मारले. गोष्ट खरी किती, कोणालाच माहीत नाही. दगड मात्र खरे आहेत. २०२५ साली २३ ऑगस्टला गोटमार झाली आणि शेकडो माणसं जखमी झाली. दरवर्षी शेकड्यातच आकडा असतो. डोळे गेलेत, हाडं मोडलीत, काही वर्षी जीवही गेलेत.

गोटमार बंद करावी की चालू ठेवावी, हा या लेखाचा विषय नाही. त्यावर घरोघरी वाद आहेत, माझ्या घरातही आहेत. प्रशासनाने बंदी घालून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, १९७८ आणि १९८७ मध्ये पोलिसांनी गोळीबारही केला. तरी गोटमार चालूच आहे. तो वाद जेव्हा मिटेल तेव्हा मिटेल. मला विचारायचंय ते गच्चीवरून नदीकडे बघणाऱ्या सहा वर्षांच्या पोराबद्दल. पुढच्या पोळ्यापर्यंत वाद मिटणार नाही, पण पोरगा तर गच्चीवर असणारच आहे.

त्याला काय दिसतं, जरा त्याच्या उंचीवरून बघा. कालपर्यंत बैलांना पुरणपोळी भरवणारी माणसं आज दगड घेऊन धावतायत. ओळखीचा काका डोक्याला फडकं बांधून, शर्ट लाल झालेला, दोघांच्या खांद्यावरून जातोय. रुग्णवाहिकेचा आवाज थांबतच नाही. आणि आजूबाजूचे सगळे मोठे लोक ओरडतायत, हसतायत, मोबाईल वर धरून शूटिंग करतायत. लेकराच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम येतात: हे वाईट आहे, आणि हे वाईट आहे असं कोणालाच वाटत नाहीये. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जड जाते. कारण मग त्याला वाटतं, आपल्यातच काहीतरी चुकतंय.

वर त्याला ऐकायला मिळतं, "घाबरतो काहून बे? पोरगी हायेस का?" मी पोरगी आहे, त्यामुळे या वाक्यात मला दुहेरी मजा दिसते. पोरीने घाबरलेलं चालतं, पण तिने घाबरून घरात बसायचं आणि कोणाला सांगायचं नाही. पोराने घाबरायचंच नाही. म्हणजे दोघांपैकी एकाही लेकराला तोंड उघडून "मला भीती वाटली" म्हणायची परवानगी नाही.

माझ्या ताईचा मुलगा दोन वर्षांपूर्वी गोटमारीनंतर रात्री झोपेत दचकायला लागला. पाच वर्षांचा होता. दिवसा एकदम नॉर्मल. फक्त खेळायचा काय, तर अंगणात दोन रेघा मारायच्या, मधे काडी रोवायची आणि खडे मारायचे. पुन्हा काडी उभी करायची, पुन्हा खडे. घरचे कौतुकाने म्हणायचे, बघा, आत्तापासून खेळाडू तयार होतोय. तो खेळत नव्हता. जे समजलं नाही ते पुन्हा पुन्हा मांडून समजून घेत होता. लहान लेकरं भीती सांगत नाहीत, ती करून दाखवतात. मानसशास्त्राच्या पुस्तकांत हे जुनं ज्ञान आहे. आपल्या अंगणात मात्र ते कोणाला ओळखू येत नाही.

म्हणून आधी भीती दिसते कशी ते सांगते. तीन ते पाच वर्षांचं लेकरू आईला चिकटून राहतं, सुटलेलं अंगठा चोखणं किंवा अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं, एकटं झोपायला नाही म्हणतं. शाळेत जाणाऱ्या पोरांचं पोट दुखतं, डोकं दुखतं, अभ्यासात लक्ष लागत नाही, एकच प्रश्न दहा वेळा विचारतात. तेरा-चौदा वर्षांची पोरं उलटी वागतात. ती गप्प होतात, चिडतात, किंवा मुद्दाम धाडस दाखवतात. नदीत सगळ्यात पुढे घुसणारा पोरगा घाबरलेला नाही असं समजू नका. कधी कधी तोच सगळ्यात जास्त घाबरलेला असतो, पण त्याला सांगायला जागाच नसते.

यातली बहुतेक लेकरं काही आठवड्यांत आपोआप सावरतात, हेही सांगायला हवं. सगळ्यांना आजार होतो, सगळ्यांना डॉक्टरकडे न्या, असं मी म्हणत नाही. भीती वाटणं हा आजार नाहीच. दगड येताना दिसला आणि भीती वाटली, तर ते डोकं ठिकाणावर असल्याचं लक्षण आहे. प्रश्न एवढाच, की सावरायला त्याला हात मिळतो की टोमणा.

हात म्हणजे काय, याचा अभ्यास जगात बराच झालाय. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी हॅम्पस्टेडमध्ये लहान मुलांसाठी पाळणाघरं चालवली. त्यांनी मुलांना जवळून बघितलं आणि लिहून ठेवलं. लहान मूल बॉम्बला किती घाबरेल हे बऱ्याच अंशी त्याच्या आईवर अवलंबून असायचं. आई स्थिर असेल तर मूलही सावरायचं, आई थरथरत असेल तर मूलही थरथरायचं. आपल्या आज्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. विजा कडाडल्या की त्या लेकराला कुशीत घ्यायच्या आणि काहीतरी काम करत राहायच्या, वाती वळायच्या, तांदूळ निवडायच्या. लेकरू आजीच्या हाताकडे बघायचं. हात चालू आहेत म्हणजे सगळं ठीक आहे.

दुसरी गोष्ट मोबाईलची. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये हल्ला झाला, त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेत देशभर पाहणी झाली. त्यात ३५ टक्के पालकांनी सांगितलं, की आमच्या मुलात तणावाचं एक तरी लक्षण दिसतंय. यातली बहुतेक मुलं न्यूयॉर्कपासून खूप लांब राहणारी होती. त्यांनी जे बघितलं ते टीव्हीवर. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हाच्या अभ्यासात तर असं दिसलं, की पुढचा आठवडाभर रोज सहा तास आणि त्याहून जास्त वेळ बातम्या बघणाऱ्यांमध्ये तणाव इतका होता, की प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त. हा अभ्यास मोठ्यांचा होता. मग लेकरांचं काय होत असेल?

आता आपल्या फोनकडे बघा. गोटमार एक दिवस चालते, तिचे व्हिडिओ महिनाभर. स्लो मोशनमध्ये डोक्यावर बसणारा दगड, खाली दणदणीत गाणं, वर अभिमानाचं कॅप्शन. मोठ्या माणसाला कळतं, की हा कालचाच व्हिडिओ परत आलाय. चार वर्षांच्या लेकराला ते कळत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक वेळी नवीन दगड, नवीन माणूस. एक डोकं तो पन्नास वेळा फुटताना बघतो.

पण भीती फक्त नदीवरून येत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारी परासियात काय झालं ते सगळ्यांना आठवतं. खोकल्याचं कोल्ड्रिफ नावाचं औषध घेऊन लेकरांच्या किडन्या निकामी झाल्या. तमिळनाडूत तपासलेल्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, म्हणजे कारखान्यात वापरायचं विषारी रसायन. वीसपेक्षा जास्त लेकरं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. कित्येकांना उपचारासाठी नागपूरला न्यावं लागलं. छिंदवाड्याहून नागपूरला जायचा रस्ता सौंसरवरून जातो. त्या दिवसांत सौंसरला रस्त्यावर सायरन वाजला की चहाच्या टपरीवर माणसं बोलायची थांबायची. हे मी बघितलंय.

गोटमारीची भीती गोंगाटाची आहे, ही भीती गुपचूप आली. घरात मोठे कुजबुजायला लागले. फ्रिजवरच्या, कपाटातल्या बाटल्या रात्रीत गायब झाल्या. लेकरं आत आली की विषय बदलायचा. लेकरांना वाटलं, आपल्याला काही कळत नाही असं यांना वाटतंय. आमच्या गल्लीत आठ वर्षांची एक मुलगी खोकला आला की तोंड दाबून धरायची. का, तर खोकला ऐकू आला की औषध देतील. तिला कोणीच काही सांगितलं नव्हतं, म्हणून तिने अर्धवट ऐकलेल्यातून स्वतःची गोष्ट बनवली. आपण गप्प बसलो म्हणून लेकराची भीती कमी होत नाही. जे सांगितलं नाही ते लेकरू मनानेच भरून घेतं, आणि खऱ्यापेक्षा भयंकर भरतं.

तिला शेवटी तिच्या आजीने जवळ घेऊन सांगितलं. "एक औषध खराब निघालं. ते दुकानातून काढून टाकलं. तुझं औषध डॉक्टरीणबाईला दाखवून, मी स्वतः वास घेऊन मगच देईन. आणि तुले खोकला आला तं तू मले सांगायचं." वास घेऊन विष कळत नाही, हे आजीलाही माहीत असेल. पण बाकीचं बघा. खरं सांगितलं, थोडक्यात सांगितलं, कोण काय काळजी घेतंय ते सांगितलं, आणि शेवटी लेकराला एक काम दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराचं मार्गदर्शक काढलं, त्याचं सार तीन शब्दांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. आजीने नेमकं हेच केलं.

आणि आजीने ते मराठीत केलं. इथून मी आपल्या पेजच्या विषयाकडे वळते, पण ओढून-ताणून नाही.

लेकराला भीती कोणत्या भाषेत वाटते? आपल्याकडे "पोटात गोळा आला" म्हणतात, "धस्स झालं" म्हणतात, "जीव घाबरा झाला" म्हणतात, "अंगावर काटा आला", "दचकलो", "हबकलो", "धडकी भरली". प्रत्येक शब्दाची भीती वेगळी. दचकणं क्षणाचं असतं, धडकी बसून राहते. ज्या बाईंना हा फरक कळतो त्यांना लेकराला काय झालंय तेही कळतं. हेच लेकरू शाळेत हिंदीत सांगायला उभं राहतं, तेव्हा त्याच्याजवळ एकच शब्द असतो: डर. तोही नीट येत नसेल तर ते "पेट दुख रहा है" म्हणतं आणि त्याला गोळी देऊन घरी पाठवतात.

हिंदीशी माझं भांडण नाही. मी हिंदीत शिकते, हिंदीत परीक्षा देते, हिंदीत मैत्रिणींशी भांडते. आणि इथं घरी फक्त मराठीच बोलतात असंही नाही. आपल्या जिल्ह्यात गोंडी बोलणारी लेकरं आहेत, पवारी बोलणारी आहेत. मी जे म्हणतेय ते त्यांनाही तेवढंच लागू आहे. गणित दुसऱ्या भाषेत शिकता येतं. रात्री तीन वाजता झोपेतून ओरडत उठलेल्या लेकराला मात्र आईच्याच भाषेत शांत करावं लागतं.

राज्यशास्त्र शिकते म्हणून एक कलम दाखवते. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९, पोटकलम २. शाळेत काय आणि कसं शिकवायचं, याची यादी त्यात आहे. त्यात एक मुद्दा म्हणतो, शिक्षणाचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावी. त्याच्या अगदी खालचा मुद्दा म्हणतो, मूल भय, मानसिक आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावं आणि त्याला आपलं म्हणणं मोकळेपणी मांडायला मदत व्हावी. मायबोली आणि निर्भयता कायद्यात एकाखाली एक आहेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे कलम लिहिणाऱ्याने पांढुर्णा बघितलं असावं.

आणि हे आजचं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण नव्या मध्य प्रदेशात राहिलो. त्याच दिवशी लागू झालेल्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३५० क आला. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकायची पुरेशी सोय करण्यासाठी राज्याने आणि स्थानिक संस्थांनी झटावं, असं तो सांगतो. आपण या अनुच्छेदाबद्दल नेहमी पाटीपुस्तकांपुरतं, शिक्षकांच्या जागांपुरतं बोलतो. पण शाळेत मराठी समजणारी एक तरी बाई असणं म्हणजे घाबरलेल्या लेकराला शाळेत एक तरी माणूस असणं. मराठी शिक्षकाची जागा रिकामी राहते तेव्हा वर्गातला कोपराही रिकामा होतो, जिथं लेकरू जाऊन रडू शकलं असतं.

मग करायचं काय? मोठ्या योजनेची वाट बघू नका. तारीख माहीत असल्याचा फायदा घ्या.

पोळ्याच्या आधी. घरात लेकराला विचारा, "गोटमारीबद्दल तुला काय माहीत आहे?" आधी विचारायचं, मग सांगायचं. काय होणार आहे ते साध्या शब्दांत सांगा. माणसं दगड मारतात, काही जणांना लागतं, डॉक्टर तिथंच तंबू लावून बसलेले असतात, रुग्णवाहिका त्यांना घेऊन जाते. तू कुठं असशील आणि तुझ्याजवळ कोण असेल, हेही सांगा. लहान लेकरांना नदीकाठी, पुलावर, समोरच्या गच्चीवर नेऊ नका. मामाच्या गावी पाठवता येत असेल तर पाठवा. विदर्भात त्याच दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं लाकडी बैल सजवून घरोघरी मिरवतात. सगळ्या वऱ्हाड-नागपूरकडे जो दिवस लेकरांचा, तोच आपल्याकडे लेकरांना सगळ्यात भीतीचा. आपल्या वॉर्डात, नदीपासून लांब, मारुतीच्या पारावर तान्हा पोळा भरवायला किती खर्च येतो? चार लाकडी बैल, थोडा खाऊ आणि दोन-तीन कॉलेजची पोरं-पोरी. हे आपल्यासारख्यांचं काम आहे.

त्या दिवशी. लेकरांसमोर व्हिडिओ लावू नका. घरातलं कोणी खेळायला गेलं असेल तर "काही होत नाही त्याला" अशी हमी देऊ नका. दगड लागला तर लेकराचा तुमच्या सगळ्याच बोलण्यावरचा विश्वास जाईल. "आम्हालाही काळजी आहे, तो आला की तुला सांगू," एवढं पुरे. जखमी माणूस घरी आला तर लेकराला दार लावून कोंडू नका, आणि पट्टी बांधायला समोरही बसवू नका. पाणी आण, उशी आण, एवढं काम द्या.

नंतर. जेवणाची, झोपायची, शाळेची वेळ मोडू देऊ नका. लेकराला रोजचं रोज झालं की जग परत जागेवर आल्यासारखं वाटतं. त्याने चित्र काढलं, खडे मारले, तेच ते विचारलं, तर करू द्या आणि जवळ बसा. नागपुरात त्याच दिवशी मारबत निघते. आजार, इडापिडा, सगळं वाईट त्या पुतळ्यावर घालतात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. आपल्या पूर्वजांना कळत होतं, की भीतीला नाव आणि आकार दिला की ती घराबाहेर काढता येते. लेकराचा कागद-खडू म्हणजे त्याची छोटी मारबतच समजा.

महिना उलटूनही झोप येत नसेल, शाळेत जायला रडत असेल, बोलणं-खाणं कमी झालं असेल, तर मदत घ्या. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू. फोन लावल्यावर भाषा निवडता येते आणि त्यात मराठीही आहे. लेकरू धोक्यात असेल, कोणी मारत-छळत असेल, तर १०९८. हे दोन नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा आणि घरच्या ग्रुपवर टाका. गावात आशाताई आणि अंगणवाडीताई आहेत. त्या आपल्याच बोलीत बोलतात आणि कोणाच्या घरात कोण दचकतंय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

आता प्रशासनाला. पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ पासून स्वतंत्र जिल्हा आहे, सौंसर त्यातच आहे. आता प्रत्येक गोष्टीसाठी छिंदवाड्याकडे बोट दाखवता येणार नाही. गोटमारीला दरवर्षी पोलिस येतात, डॉक्टर येतात, रुग्णवाहिका लागतात, आरोग्य शिबिरं उभी राहतात. फुटलेल्या डोक्याची एवढी तयारी होते. त्याच तयारीत आणखी तीन गोष्टी बसवा. शाळा भरली की पहिला तास लेकरांना बोलू देण्यासाठी राखून ठेवा, मायबोलीत. शिक्षकांना आणि अंगणवाडीताईंना पोळ्याच्या आधी एक दिवसाचं प्रशिक्षण द्या. आणि मराठी, गोंडी समजणारा एक तरी समुपदेशक जिल्ह्यात नेमा. यासाठी नवा कायदा लागत नाही. कलम २९ आहेच.

मला माहीत आहे, काही जण खाली लिहितील, "आम्ही पण लहानपणापासून बघितलं, आम्हाला काय झालं?" भाऊ, तुम्हाला काही झालं नसेल तर चांगलंच आहे. पण जरा आठवून बघा. तुम्ही पहिल्यांदा बघितलं तेव्हा कोणाचा हात धरला होता? ज्याचा धरला होता, त्याच्यामुळे तुम्हाला काही झालं नाही. ज्यांना धरायला हात मिळाला नाही ते इथं लिहिणार नाहीत. ते त्या दिवशी शहर सोडून जातात, किंवा दारू पिऊन नदीत उतरतात, आणि आपण दोघांनाही "स्वभाव" म्हणतो.

अजून एक जण म्हणेल, लेकरांना असं जपलं तर ती नाजूक होतील. उलट आहे. ज्याला "भीती वाटते" असं म्हणता येतं, तोच दुसऱ्याची भीती ओळखतो आणि गर्दीत पडलेल्याला उचलायला थांबतो. दगड मारायला फार धैर्य लागत नाही, सगळेच मारत असतात. सगळे मारत असताना हातातला दगड खाली ठेवायला धैर्य लागतं. ते आज ज्याचं ऐकून घेतलं जातंय त्या लेकरात येईल.

पोळ्याला अजून वेळ आहे. तुमच्या घरात, शेजारी, दहा वर्षांच्या आतलं जे लेकरू असेल त्याच्याजवळ आज संध्याकाळी बसा आणि विचारा, "मागच्या गोटमारीला तुला काय वाटलं होतं?" मग गप्प राहा आणि ऐका. ते काय बोललं, हे खाली लिहा, लेकराचं नाव न लिहिता. ती सगळी वाक्यं जशीच्या तशी, मराठीत, आपण जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन देऊ.